हे मुलुंडचं पाणी नव्हे

पत्र क्र. १
अंधेरी, दि. ६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? गोळ्या वेळेवर घेता ना? फोनवर विचारलं की तुम्ही हां हां म्हणता आणि त्यातला एक शब्दही तुमच्यापर्यंत पोचलेला नसतो, हे मला ठाऊक आहे. बोटीच्या इंजिनरूमने तुमचे कान घेतले पण डोळे शाबूत ठेवले, म्हणून पत्रच बरं. आईसारखा वर क्रमांक घातला आहे. तुम्ही बोटीवर असताना पत्रं बंदराबंदरांतून मागेपुढे पोचायची, म्हणून ती घालायची. आता आपल्या दोघांत एकच पोस्टमन आहे, तरी सवय जात नाही.

कारण असं, की बसच्या पार्सलने एक खोकं पाठवलं आहे. त्यात कॉफीचं मशीन आहे, तुम्ही माझ्या लग्नात दागिन्याऐवजी दिलेलं. मांडवात सगळे हसले होते आणि तुम्ही म्हणाला होतात की सोनं कपाटात पडून राहतं, हे रोज सकाळी उपयोगी पडेल. पडलं, बाबा. पण गेले पंधरा दिवस ते रुसलं आहे. बटण दाबलं की पंप घरघरतो, दाबाचा काटा झपकन वर जातो, पण कॉफी थेंबथेंब गळते आणि हँडलच्या कडेने पाणी पाझरतं. इथल्या दुरुस्तीवाल्याने बघितल्यासारखं केलं आणि नवीन घ्या म्हणाला. मला नवीन नको, हेच हवं आहे.

जमेल तितक्या लवकर करा. सकाळी हातात तो कप नसला की दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. दारापर्यंत जाते, परत येते, गॅस बघते, पुन्हा कुलूप बघते. उशीर होतो तो वेगळाच.

एक राहिलं. आमच्या बिल्डिंगचं रंगकाम चालू आहे, खालच्या पत्रपेट्या काढून ठेवल्यात, म्हणून उत्तर मुलुंडला न पाठवता इथे अंधेरीला, ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. गुरुप्रसाद बरा आहे. बाकी सर्व खुशाल.

लोभ आहे तो तसाच चालू द्यावा.
तुमची
नम्रता


॥ श्री ॥
पत्र क्र. १
भाट्ये, रत्नागिरी, दि. १४ जानेवारी २०२५

चि. सौ. नम्रता हिस,
अ. उ. आ.

खोकं पोचलं. चिकटपट्टीचा अख्खा रोल तू त्याला गुंडाळला होतास. ती सोडवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात आम्ही जहाजाचा पंप उघडून पुन्हा बसवायचो. शेजारच्या येसूवयनी बघायला आल्या. त्यांना आधी मिक्सर वाटला, मग म्हणाल्या की एका माणसाच्या कॉफीला एवढी यंत्रणा लागत असेल तर त्यापेक्षा चहा काय वाईट.

पडवीत जुनं धोतर अंथरून मशीन मांडलं. उघडायच्या आधी चालवून बघायचं, हा माझा नियम. हँडल न लावता नुसतं पाणी सोडलं, तरी थेंबच. म्हणजे दोष तुझ्या कॉफीच्या दळण्यात नाही, आत आहे. वाफेची नळी मात्र फुसफुसते, तेव्हा पंप जिवंत आहे. हँडलवरची रबराची रिंग काढायला गेलो तर खारी बिस्किटासारखी तुटली. मग बॉयलरचे चार बोल्ट काढून झाकण उचललं. बाय, आत पांढरं कवच! नखाएवढं जाड. एक खपली बशीत ठेवून वर लिंबू पिळलं तर फसफसून उठली. चुना आहे, जड पाण्याचा.

झाकणाच्या आत मी मार्करने लिहिलेलं अजून तसंच आहे: १९ मे २०२४, पाणी मुलुंड. ही बोटीवरची खोड. बॉयलर उघडला की तारीख आणि कुठल्या बंदराचं पाणी लागलं ते आत टाकायचं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. पुढचा माणूस मीच निघालो. माझ्या अँजिओप्लास्टीनंतर मी महिनाभर तुमच्याकडे होतो, आठवतं ना? जावईबापूंचा कप रोज तसाच गार पडलेला दिसायचा. कॉफी नीट तापत नसावी असं धरून मी उघडलं होतं. दोष काही सापडला नव्हता, तीन वर्षं वापरूनही भिंती लख्ख होत्या. तुमच्याकडे तलावाचं पाणी, ते मऊच असणार.

मग सात-आठ महिन्यांत हे एवढं कुठून आलं? सध्या पाणी कुठलं येतं तुमच्याकडे? आणि हँडलमध्ये बसते ती दोन कपांची चाळणी खोक्यात वर्तमानपत्रात बांधलेली सापडली. पेपर ऑक्टोबरचा. जावईबापूंनी कॉफी सोडली काय?

झाकणात आजची तारीख टाकली आहे. पाण्याची जागा कोरी ठेवली आहे, तुझं उत्तर आलं की भरीन. मी बरा आहे. आंब्याला मोहोर बरा आहे, तुडतुडे त्याहून बरे आहेत.

माया आहेच, पत्राने ती ताजी ठेव.
तुझा
बाबा


विरार, दि. १९ जानेवारी २०२५

ती. सौ. समीक्षाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, पाण्याने माझा घात केला. फोनच करणार होते, पण तुझ्याकडे सासूबाई समोर असतात आणि मला बोलता बोलता रडू येतं. बाबांचं पत्र सोबत जोडलं आहे, आधी ते वाच.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली होती. गुरुप्रसाद कुठे आहे, दिवाळीला का आली नाहीस, पत्ता ऑफिसचा का. पाण्याचा विचार मनातसुद्धा आला नव्हता. या खोलीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. बादलीला पांढरा थर बसतो, माझे केस काथ्यासारखे झालेत, तरी मशीनच्या पोटात काय चाललं असेल हे मला सुचू नये! फिटरची मुलगी म्हणवते मी.

मी दसऱ्यानंतर मुलुंडचं घर सोडलं हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि तसंच राहायला हवं. डॉक्टरांनी बाबांना धक्का नको म्हणून बजावलं आहे. कळलं तर ते तडक मुलुंडला जाऊन गुरुप्रसादच्या दारात उभे राहतील, आणि त्यांना तिथे काही झालं तर ते माझ्यामुळे होईल. शिवाय आईचा नियम आपल्या हाडांत मुरलेला: बोटीवर वाईट बातमी लिहायची नाही, ज्याला काही करता येत नाही त्याची फक्त झोप उडते. आजी गेली तेव्हा तू दहावीत होतीस. बाबा ब्राझीलच्या वाटेवर. चार महिने ते पत्रात आजीचे गुडघे कसे आहेत विचारत होते आणि आई लिहीत होती की बरे आहेत. मला तर अजूनही वाटतं की बाबा बोटीवरच आहेत.

खोली लांबीला अकरा पावलं आहे आणि रुंदीला सात. रविवारी मी किती फेऱ्या मारते ते मोजणं सोडून दिलं आहे. घरातून निघताना कपडे आणि ते मशीन एवढंच उचललं होतं. आता तेही इथे नाही आणि सकाळी काय करायचं ते कळत नाही. बाबांना मी काहीतरी लिहून टाकते. तुला विचारलं तर सांभाळून घे.

रागावू नकोस, जवळ धरून ठेव.
तुझी
नम्रता


पत्र क्र. २
अंधेरी, दि. २० जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, हसून पुरेवाट झाली. पाण्याचं म्हणाल तर आमच्या रस्त्यावरची पाइपलाइन फुटली आहे, त्यामुळे महिनाभर टँकर येतोय. त्याचाच तो चुना असणार. दोन-चार दिवसांत सुरळीत होईल. तेव्हा झाकणात मुलुंडच लिहा. घाईत आहे, ऑफिसात वर्षअखेरीची कामं सुरू झाली.

बाकी सर्व खुशाल. आशीर्वाद असू द्यावा.
तुमची
नम्रता


॥ श्री ॥
भाट्ये, दि. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. समीक्षा हिस,
अ. उ. आ.

तुझी शाळा, मुलं, अलोऱ्याची थंडी सगळं ठीक असेल असं धरतो आणि मुद्द्यावर येतो.

नम्रता लिहिते की पाइपलाइन फुटली म्हणून महिनाभर टँकर येतो. महिन्यात नखाएवढा चुना बसत नाही. चौतीस वर्षं मी बॉयलरच्या पाण्याला पोटच्या पोरासारखं जपलं आहे, मला हे कोण शिकवणार? अडीच-तीन महिने तरी ते मशीन वाईट पाणी पीत होतं, म्हणजे ऑक्टोबरपासून. चाळणी बांधलेला पेपरही ऑक्टोबरचा. मी तिला गुरुप्रसादबद्दल विचारलं, तर उत्तरात त्याचं नाव नाही. हे मुलुंडचं पाणी नव्हे. माझी मुलगी मुलुंडला नाही.

मला बसवत नाही, समीक्षा. विहिरीवर जातो आणि रिकामी बादली घेऊन परत येतो. माडांना शिपणं अर्धं टाकून पडवीत येतो. मशीन दोनदा जोडलं आणि दोनदा उघडलं. काल एसटी स्टँडवर जाऊन मुंबईच्या गाड्यांच्या वेळा वाचल्या, वाचून घरी आलो. येसूवयनी म्हणतात की या माणसाच्या पायाला भिंगरी लागली, याला कुणीतरी बांधून घाला.

तुझ्या आजीसाठी मी ब्राझीलच्या सान्तोस बंदरात लोकरीची शाल घेतली होती. केवढा शोध करून. ती घेऊन घरी उतरलो तेव्हा आजीला जाऊन चार महिने झाले होते. तुझ्या आईने माझ्याच भल्यासाठी लपवलं, मी तिला कधी दोष दिला नाही. पण ती शाल अजून ट्रंकेत आहे आणि ट्रंक उघडली की मी अजून तिची घडी बदलतो.

तुला तिने शपथ घातली असेल तर मोडू नकोस. फक्त एवढं कळव, की ती जिवाने सुखरूप आहे ना. एका ओळीचं कार्ड पुरे.

सर्वांना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.
तुझा
बाबा


अलोरे, दि. १ फेब्रुवारी २०२५

चि. नम्रता,
अ. उ. आ.

बाबांचं पत्र सोबत आहे. शालीचा परिच्छेद मी शाळेत स्टाफरूममध्ये वाचला आणि पुढच्या तासाला मुलांना लिहायला देऊन खिडकीशी उभी राहिले.

मी त्यांना कार्ड टाकलं आहे: सुखरूप आहे, बाकी तीच लिहील. आता लिही. डॉक्टर धक्क्याला घाबरतात ते बरोबर, पण एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा वाचणाऱ्या माणसाच्या हृदयाला आपण काय आराम देतोय गं? नियम आईचा होता. तो मोडायला आई नाही, तेव्हा तो आपल्यालाच मोडावा लागणार.

माझा राग वगैरे काही नाही, वेडाबाई.
तुझीच
ताई


पत्र क्र. ३
विरार, दि. ६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाणी विरारचं आहे. टँकरचं आणि बोअरचं, १४ ऑक्टोबरपासून. मी मुलुंडचं घर सोडलं आहे, परत जाणार नाही. घटस्फोटाचा अर्ज करायचा आहे. हे वाक्य चार वेळा लिहून चार कागद फाडले, हा पाचवा.

गुरुप्रसाद मारत नव्हता, पीत नव्हता. म्हणून तर कुणाला काय सांगायचं ते कळत नव्हतं. तो अबोला धरायचा. कधी आठ दिवस, कधी महिना. शेवटचा एक्केचाळीस दिवस चालला, कारण मी ताईकडे न विचारता दोन दिवस जास्त राहिले. मी रोज दोन कप करायची, एक त्याच्यापुढे ठेवायची. तो गार व्हायचा, मग मी बेसिनमध्ये ओतायची. एके सकाळी दोन कपांची चाळणी समोरच्या पेपरात गुंडाळली, आणि गुंडाळताना कळलं की मी निघाले आहे.

आता खरं ते सगळंच लिहिते. मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे होतात, त्यातले तेवीस दिवस तो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून कळलं नाही, आणि मला तेव्हा ते सोयीचं वाटलं. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुम्हाला ऐकू येत नाही, तरी मी बोलत असले की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

मुलुंडला जाऊ नका. गोळ्या घ्या. मला लगेच लिहा, वाट बघायची ताकद आता उरलेली नाही.
तुमची
नम्रता


॥ श्री ॥
पत्र क्र. २
भाट्ये, दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. नम्रता हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं तेव्हा येसूवयनी समोर होत्या. वाचून मी खाली बसलो तशा त्या घाबरल्या आणि पाणी घेऊन आल्या. छातीत काही झालं नाही, ते आधी सांगतो. गोळी घेतली आहे.

तेवीस दिवसांचं वाक्य मी कितीदा वाचलं ते विचारू नकोस. तू लाज वाटते लिहितेस. लाज मला वाटायला हवी. कान गेले तरी डोळे होते ना? त्याच्यापुढचा गार कप मी रोज बघत होतो. बघून काय केलं, तर मशीन उघडलं! माझी पोर समोर सुकत होती आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बॉयलरमध्ये दोष शोधत होतो. सापडला नाही तेव्हा झाकण लावलं, तारीख टाकली आणि सगळं ठीक आहे म्हणून गावी आलो. आयुष्यभर हेच केलं, बाय. जे बिघडलं असेल ते नटबोल्टाचंच असणार असं धरून चाललो.

तू सगळं लिहिलंस, मीही लिहितो. कान इंजिनरूमच्या घरघरीने हळूहळू गेले असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते हळूहळू गेले नाहीत. डर्बनच्या अलीकडे वाफेच्या लाइनचा जोड फुटला, त्याच्या आवाजाने एका दिवसात गेले. दोन आठवडे डोक्यात नुसती शिट्टी. त्या दिवशी मी तुझ्या आईला काय लिहिलं ठाऊक आहे? समुद्र शांत आहे आणि डॉल्फिन दिसले. ती तिकडून सर्व खुशाल लिहायची, मी इकडून डॉल्फिन लिहायचो. दोघांनाही कळत होतं आणि कुणी विचारलं नाही. तो नियम तुम्हा मुलींच्या हाडांत मुरायला मीही तेवढाच कारण आहे. पण आता नऊ वर्षं झाली मी बोटीवरून उतरून. मला बोटीवर ठेवू नका.

मुलुंडला जाणार नाही. तिथे माझं काही राहिलेलं नाही. विरारला येईन, पण तू बोलावशील तेव्हा. इकडे ये असंही म्हणणार नाही. घर आहे, खोली झाडलेली आहे, तुला माहीत आहे.

आता मशीन. लिंबूफूल पाण्यात विरघळवून बॉयलर तीनदा भिजवला, सगळा चुना निघाला. खालची नळी अगदी बुजली होती, तिच्यात तार घातली. रिंग रत्नागिरीत मिळेना, तेव्हा मिरकरवाड्याला बोटींच्या सामानाच्या दुकानातून सिलिकॉनचं शीट आणून हाताने कापली. मग हँडलमध्ये बिनभोकाची चकती घालून दाब घेतला. काटा नऊवर जाऊन उभा राहिला, दहा आकडे मोजेपर्यंत हलला नाही, कडेने टिपूस नाही. कॉफी घालून लागोपाठ सहा कप काढले. अठरा ग्रॅम पूड, अठ्ठावीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम. सहावा येसूवयनींना दिला. त्यांनी तो एका दमात प्यायला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या की हे किराईत कुठल्या तापावर देतात ते सांगा.

झाकणातली कोरी जागा भरली. पाणी विरार.

शुक्रवारच्या बसने मशीन येईल. सोबत वीस लिटरचा कॅन आहे, आपल्या विहिरीच्या पाण्याचा. जांभ्याचं पाणी, मऊ, चुना धरत नाही. संपेपर्यंत तेच घाल, पुढचं पुढे बघू. मांडून झालं की एक कप काढून बघ आणि काटा किती दाखवतो ते कळव.

आणि यापुढे एक नवा नियम. पत्रात वाईट बातमी आधी लिहायची. खुशाली मागाहून.

तुझा, कुठल्याही पाण्यात तुझाच,
बाबा


पत्र क्र. ४
विरार, दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नियमाप्रमाणे वाईट आधी. गुरुप्रसादच्या वकिलाची नोटीस आली. मी घरातून न सांगता निघून गेले असं त्यात लिहिलं आहे, आणि ते खरंच आहे, म्हणून जास्त लागलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, बाहेर आले तर साहेब दारात उभे. शेजारच्या अक्षयाने परवा विचारलं की घरी कोण कोण असतं, आणि मी खोटं बोलले. वाफेच्या नळीने उजव्या हाताचा अंगठा भाजला, म्हणून अक्षर असं आलं आहे. रविवार अजूनही संपत नाही. दुपारी तीनला मी सहाव्यांदा केर काढला. मला भीती वाटते, बाबा. कशाची ते नेमकं सांगता येत नाही.

हे सगळं तुम्हाला लिहून झाल्यावर जेवले. दोन पोळ्या, भाजी, भात.

आता खुशाली. मशीन पोचलं. बॉयलरला हात लावला नाही, तुम्ही म्हणाल की लावायचा नव्हताच. पण वरचा पत्रा काढून चार बोल्ट बघितले आणि आत काय लिहिलं आहे ते आठवून पुन्हा लावला. काटा नऊवर उभा राहतो. कॉफी मधासारखी उतरते. सकाळी दाराला कुलूप एकदाच लावते.

दोन कपांची चाळणी पेपरातून काढली, धुतली आणि मशीनला लावून ठेवली आहे. प्यायलाही तेच पाणी घेते, म्हणून कॅनमध्ये तीन-चार दिवसांचंच राहिलं आहे. भरून घेऊन या.

वाट बघते.
तुमची
नम्रता